पाय टेकण्यापुरती गाडी

संघदीप मेश्रामनं नवी गाडी घ्यायच्या आधी तिचा रस्ता छापून घेतला होता. मारेगावात बसस्टँडच्या अंगाला त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, निवडणूक, नेमणूक, श्रद्धांजली, सगळ्यांचे बॅनर तिथूनच निघायचे. माणसाचा वाढदिवसाचा अन् श्रद्धांजलीचा फोटो एकच असला तरी रंग वेगळे ठेवायची अक्कल त्याला होती, म्हणून धंदा बरा चालायचा. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, तर त्यानं भारताचा नकाशा मशीनला लावला, मारेगाव ते लेह अशी जाड लाल रेघ ओढली अन् तो भिंतभर फ्लेक्स काउंटरच्या मागं ठोकला.

शेजारच्या कृषी केंद्राचा मालक खेमसिंग राठोड चहा घेऊन आला, तो नकाशासमोर उभा राहिला.

"हे रेघ तर सरळच गेली. मधात डोंगर नाई का?"

"हाय ना. म्हणून तर गाडीच तशी घेऊन राह्यलो," संघदीप म्हणाला. "डांबर असो का दगड असो, तिले फरकच नाई पडत. नदीतून बी जाते."

"अन् तू?"

"मी गाडीवर असन ना."

मारेगावातून लडाखला कोणी गेलेलं नव्हतं. संघदीप जाणार होता. गिऱ्हाईक बॅनरचं माप सांगत असलं तरी हा लाल रेघेकडे बोट दाखवून सांगायचा, पुढच्या उन्हाळ्यात दुकान बंद राहील, काय छापायचं ते आधी छापून घ्या.

घरी मात्र त्यानं लडाखचं नाव काढलं नाही. घरी त्यानं खैरधऱ्याचं नाव काढलं. खैरधरा हे त्याच्या बायकोचं, पायलचं माहेर. मोठ्या रस्त्यावरच्या फाट्यापासून आत बैलगाडीची वाट, मध्ये खडकाळ नाला. दर वेळी दोघं स्कूटी फाट्यावरच्या टपरीपाशी ठेवायचे अन् पिशव्या हातात घेऊन पायी जायचे.

"आपण आता आईच्या दारापर्यंत गाडीनं जाऊ," तो म्हणाला.

पायल जेवता जेवता थांबली. "दारापर्यंत?"

"वट्ट्यापर्यंत."

बस, गाडी ठरली.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. संघदीप बुटका होता. दुकानात वरच्या फळीवरचा रोल काढायचा तर त्याला स्टूल लागायचं. पायल उंच. कॉलेजात असताना ती विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल संघात खेळली होती, आता मारेगावातच एका शाळेत खेळाची शिक्षिका होती, अन् नेटजवळ उभी राहिली की पोरांना आपोआप धाक बसायचा. लग्नाच्या वेळी नातेवाइकांनी जे बोलायचं ते बोलून घेतलं. नवराबायकोनं त्याचा बाऊ केला नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, हा विषय घरात एकदाही निघाला नव्हता. अन् जो विषय निघत नाही तो मिटला, असं संघदीप समजत होता.

वणीच्या शोरूममध्ये गाडी चौथऱ्यावर स्टँडला उभी होती. संघदीप पायरीवर पाय देऊन चढला, हँडल धरलं, फोटो काढला. चालवून पाहायची वेळ आली तेव्हा सेल्समन म्हणाला, "भाऊ, मी चालवतो, तुमी मागं बसून फक्त मजा घ्या." संघदीपनं मजा घेतली. पाय जमिनीवर ठेवायचा प्रसंगच आला नाही.

तो आला गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी. हार घातलेला, बाजूला टेबलावर पेढ्यांचं ताट, शोरूमची सगळी माणसं गोल करून उभी. सेल्समननं गाडी स्टँडवरून काढून धरली, संघदीप उडी मारून बसला, अन् सेल्समननं टाळ्या वाजवायला दोन्ही हात सोडले. संघदीपचा डावा पाय जमीन शोधायला खाली गेला. बराच खाली गेला. जमीन काही आली नाही. गाडी सावकाश, अगदी शिस्तीत डावीकडे झुकली अन् संघदीपसकट पेढ्यांच्या टेबलावर जाऊन टेकली. टाळ्या वाजवणाऱ्यांना वाटलं, ही काही नवी पद्धत असेल. टाळ्या थोडा वेळ चालूच राहिल्या.

गाडी पायलनं उचलली. सेल्समननं हात लावला, पण उचलली तिनं.

"पाय घसरला," संघदीप कपड्यावरचा पेढा पुसत म्हणाला.

पायलनं खाली पाहिलं. "हाव. फरशी गुळगुळीतच हाय."

गाडी शोरूमच्या माणसानं मारेगावपर्यंत आणून दिली अन् हे दोघं मागून स्कूटीवर आले. त्या सबंध रस्त्यात संघदीपच्या डोक्यात एकच विचार होता. आपले पाय तर लांब होणार नाहीत. मग गाडीच खाली आली पाहिजे.

मारेगावात श्रावण आत्रामचं गॅरेज होतं. श्रावणचा हात चांगला होता, एकच खोड होती, त्याला 'नाही' म्हणता येत नव्हतं. ट्रॅक्टरला कारचं स्टेअरिंग बसवून द्या म्हटलं तरी तो मान वाकडी करून म्हणायचा, "होते ना भाऊ. कायले नाई होणार?"

संघदीपनं खरं कारण सांगितलं नाही. "गाडी जरा लो करायची हाय. सध्या तशीच फॅशन चालू हाय."

"होते ना भाऊ," श्रावण म्हणाला.

आधी सीट कापली. आतला फोम काढून काढून सीटचा पाट झाला. संघदीपच्या पायाचे अंगठे जमिनीला लागले. त्या आनंदात तो करंजी गावापर्यंत जाऊन आला, अन् त्या रात्री ओट्याशी उभा राहून जेवला. "उभ्यानं चांगलं पचते," त्यानं पायलला सांगितलं.

मग मागच्या शॉकअपचा जोड बदलला अन् पुढचे दांडे क्लॅम्पमधून वर सरकवले. गाडी खाली बसली. आता दोन्ही पाय पूर्ण टेकत होते. संघदीप गॅरेजसमोर गाडीवर बसून उगाच पाय आपटत राहिला, जमीन आहे ना, ती आपली आहे ना, याची खात्री करत.

पण गाडी खाली आली अन् साईड स्टँड होता तेवढाच राहिला. त्यामुळे स्टँडवर लावली की गाडी राष्ट्रगीताला उभी राहावी तशी ताठ उभी राहायची. दुकानासमोरून एसटी जोरात गेली, त्या वाऱ्यानं ती पलीकडे पडली ती खेमसिंगच्या खताच्या पोत्यांवर. म्हणून स्टँड कापला. तो जास्त कापला गेला. आता गाडी इतकी कलून उभी राहायची, की दर थोड्या वेळानं कोणी तरी दुकानात डोकावून सांगायचं, "भाऊ, तुमची गाडी पडून राह्यली." मग कापलेला तुकडा शोधून परत वेल्डिंग केला.

तोवर दुसरंच निघालं. दोघं बसले की मागचं चाक मडगार्डला घासायला लागलं. मडगार्ड कापलं. मग चाकावरचा सगळा चिखल-शेण मागं बसणाऱ्याच्या पाठीवर उडायला लागलं. पायल शाळेत पोचली तेव्हा तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर कमरेपासून मानेपर्यंत एक हिरवट पट्टा होता. पोरांनी विचारलं, "मॅडम, हा नवीन ड्रेस का?"

पाटासारख्या सीटनं कंबर धरली म्हणून वरून जाड गादी बांधली. गादीनं उंची परत वाढली. म्हणून बुटांना जाड तळ लावून घेतला. तो जाड बूट गिअरच्या खाली जाईना, म्हणून गिअरचा दांडा वाकवला. अशा रीतीनं बुटासाठी गाडी अन् गाडीसाठी बूट असं होत होत एका संध्याकाळी श्रावणनं हात पुसले.

"भाऊ, आता गाडी तुमच्या मापाची झाली."

संघदीपला हे ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. त्यानं गाडी घेतली होती ती स्वतः जरा मोठं दिसावं म्हणून, अन् इथं तीच लहान होऊन बसली होती. पण एवढं झाल्यावर कोणाला काय सांगणार? तो बसला, निघाला, अन् तहसीलसमोरच्या स्पीडब्रेकरवर गाडीचं पोट खर्रकन घासलं.

खेमसिंगनं ते पाहिलं. तो जवळ आला, खाली वाकून पाहिलं अन् मनापासून धीर दिला. "लडाखले ब्रेकर नसतीन बाप्पा."

अशातच जानेवारीत मथुराबाईंचा फोन आला. मथुराबाई म्हणजे पायलची आई. खैरधऱ्यातल्या बचत गटाची अध्यक्ष. गटानं तुरीची डाळ करायची छोटी मिल बसवली होती अन् तिचं उद्घाटन होतं, तालुक्याहून मोठ्या मॅडम येणार होत्या.

"जावईबापू, बॅनर तुमीच आणा. फोटो माहा चांगला टाका, आधार कार्डावरचा नको. अन् गाडीनंच या बरं. दारापर्यंत येते म्हणून मी सगळ्यायले सांगून बसली हाय."

त्या सकाळी दोघं निघाले. बॅनरची गुंडाळी पायलनं आडवी मांडीवर धरली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वेचणी होत आलेली कपाशी, सोबतीला गार वारा. फाट्यावरची टपरी आली. संघदीपच्या मनात आलं, इथंच लावावी. टायरमध्ये हवा कमी आहे म्हणावं. त्यानं वेग कमीही केला. तेवढ्यात मागून पायल म्हणाली, "आज पयल्यांदा इथून पायदळ नाई जायचं," अन् तिच्या आवाजात अशी काही खुशी होती की त्याचा हात आपोआप वाटेकडे वळला.

बैलगाडीच्या वाटेला दोन बाजूंना चाकोऱ्या असतात अन् मधे उंचवटा. चाकोरीतून चाक जात होतं अन् उंचवट्यावरून गाडीचं पोट. आवाज असा येत होता की जणू कोणी खालून किसणीवर कांदा किसतंय. नाला कोरडा होता, त्यात पसरट काळे खडक. संघदीपनं गती दिली, पुढचं चाक खडकावर चढलं, उतरलं, अन् गाडी मध्येच थांबली. पोट खडकावर बसलेलं, मागचं चाक हवेत फिरतंय. कासव उचलून दगडावर ठेवावं तशी गाडी झाली.

पायल उतरली. वाकून खाली पाहिलं.

"हे तर आपल्या स्कूटीपेक्षा खाली हाय."

"दोघांचं वजन पडलं ना," संघदीप म्हणाला.

पायलनं बॅनर दगडावर ठेवला, बाह्या सरकवल्या अन् गाडी मागून उचलली. गाडी निघाली, पण निघताना वेल्डिंग केलेला स्टँड तुटून पडला, अन् इंजिनखालून काळं तेल खडकावर गळायला लागलं. संघदीप त्या थेंबांकडे पाहत राहिला. चालू करायचा प्रश्नच संपला होता.

तितक्यात मागून ट्रॅक्टर आला. गावातला धावजी कार्यक्रमाच्या खुर्च्या घेऊन चालला होता. त्यानं काही विचारलं नाही. खेड्यात अशा वेळी आधी उचलतात, विचारतात मागाहून. तिघांनी मिळून गाडी ट्रॉलीत खुर्च्यांवर आडवी टाकली. ट्रॅक्टर चालू झाला अन् संघदीपच्या डोळ्यांपुढं खैरधऱ्याचा चौक आला. सगळा गाव तिथं बसलेला असणार, अन् दारापर्यंत येणारी गाडी अशी झोपून येणार. त्यानं बॅनरची दोरी सोडली अन् ते फ्लेक्स गाडीवर पसरलं.

"ते आईचं बॅनर हाय," पायल म्हणाली.

"धूळ बसते गाडीवर."

पायलनं त्याच्याकडे एकदा पाहिलं अन् बॅनरचं एक टोक उडू नये म्हणून पायाखाली दाबून धरलं.

गावात डफडं वाजत होतं. ट्रॅक्टरच्या मागोमाग मॅडमची जीपही येऊन पोचली होती, त्यामुळे ट्रॉली दिसली तशी सगळी माणसं उठून उभी राहिली. ट्रॉलीत खुर्च्यांच्या ढिगावर काही तरी मोठं, टोकदार झाकलेलं, अन् त्यावर मथुराबाई हसताहेत. कांताबाई नावाच्या गटातल्या उत्साही बाईंनी ओळखलं. मिलचं राहिलेलं यंत्र आलं! त्यांनी ताट घेऊन ट्रॉलीवर चढून फ्लेक्सबाहेर जे टोक दिसलं त्याला हळदकुंकू लावलं. माईकवाल्यानं ते पाहिलं अन् त्यालाही सुचलं, "आता आदरणीय मॅडमच्या हस्ते नवीन यंत्राचं अनावरण होईल."

"नाई, नाई," संघदीप म्हणाला. डफड्यात कोणाला ऐकू गेलं नाही.

मॅडम वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण नोकरीत त्यांनी इतक्या वस्तूंवरची इतकी कापडं ओढली होती की झाकलेलं दिसलं की हात आपोआप पुढं जायचा. त्यांनी टोक धरलं अन् ओढलं. मथुराबाईंचा चेहरा सर्रकन बाजूला झाला. खुर्च्यांच्या ढिगावर एक मोटरसायकल कुशीवर पडली होती, हँडलला हळदकुंकू.

डफडं थांबलं. मथुराबाई पुढं आल्या. पांढरं निळ्या काठाचं लुगडं, डोळ्याला चष्मा. त्यांनी गाडीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, पोरीच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं. मग माईक घेतला. बाई गडबडून जाणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"हे माह्या जवायाची गाडी हाय, म्याडम. नवी हाय. डोंगरावर चढते म्हणतात. ते गाडी बी आमच्या रस्त्यानं आली नाई, ट्रॉलीत टाकून आणा लागली. आता सांगा, आमी याच रस्त्यानं बाळंतीण कशी नेतो असन?"

माणसांनी टाळ्या वाजवल्या. संघदीपला वाटलं, सुटलो. रस्त्याचं नाव झालं, आपलं झाकलं गेलं.

पण मॅडम गाडी न्याहाळत होत्या. "ही गाडी माझ्या भावाकडे आहे," त्या म्हणाल्या. "तो ही घेऊन नदीतून जातो. इथं कशी अडकली?"

सगळे संघदीपकडे वळले. 'रस्ता, म्याडम' एवढे दोनच शब्द त्याच्या जिभेवर तयार होते. ते बोलले की सासूबाईंचं म्हणणं पक्कं होत होतं, गावाचं काम होत होतं, अन् आपलं माप कोणाला कळणार नव्हतं. त्यानं पायलकडे पाहिलं. ती ट्रॉलीच्या चाकाजवळ उभी होती. उंच उडीच्या दांडीपुढं एखादं लहान पोरगं उभं असावं अन् शिक्षिकेनं काही न बोलता त्याच्याकडे पाहावं, तशी ती पाहत होती. उडी मार असंही नाही, जा परत असंही नाही.

"रस्ता खराबच हाय म्याडम," संघदीप म्हणाला. "पण गाडी मीच कापली. माहे पाय नोहते पुरत."

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणते जवाई?" शेजारच्यानं त्याच्या कानात त्याहून मोठ्यानं सांगितलं, "पाय पुरत नोहते म्हणते, म्हणून गाडीच कापली!" मग जे हसणं सुटलं ते आवरेना. माईकवाला हसला, ते भोंग्यातून गावाबाहेरच्या वावरांपर्यंत गेलं. मॅडमनी ओठ दाबून धरले होते.

"कुठं कापली?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडूनच," संघदीप म्हणाला, अन् मग मॅडमही हसल्या.

हसणं ओसरलं तेव्हा मथुराबाईंनी परत माईक तोंडाशी धरला. त्या हसत नव्हत्या.

"माह्या जवायानं चार माणसांत खरं सांगतलं. सोपं नाई ते. आता तुमी बी खरं सांगा म्याडम, रस्ता कधी होते?"

मॅडमनी आजूबाजूला पाहिलं. सोबतचे साहेब पुढं होऊन काही सुचवायला लागले, त्यांना हातानं थांबवलं.

"खरं सांगायचं तर मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "प्रस्ताव आहे. पुढं सरकत नाही. मी ढकलते, पण तारीख सांगणार नाही."

"इतके सायेब येऊन गेले," मथुराबाई म्हणाल्या, "हे असं पयल्यांदाच कोणी सांगतलं." अन् त्यांनी मॅडमना डाळ मिलकडे नेलं.

मिल चालू झाली, पहिली डाळ सुपात पडली, सगळ्यांनी हातात घेऊन पाहिली. जेवणं झाली. संघदीपला वाटलं होतं, लोक दिवसभर आपल्याकडे बोट दाखवतील. एक-दोघांनी दाखवलं. बाकीच्यांनी त्याला पंगतीत आग्रह करून वाढलं, अन् एकानं पोराच्या बारशाच्या बॅनरचं विचारून घेतलं.

दुपारी मिलच्या मागं पायल राखेनं हात घासत होती. तो पाणी घालायला बसला.

"मले काहून नाई सांगतलं?" तिनं विचारलं.

"काय सांगू? गाडी मोठी पडली म्हणून?"

"पडली तर पडली."

"लोक हासले असते."

"आज हासलेच ना. काय झालं?"

संघदीपनं विचार केला. काही तरी झालं असावं म्हणून शोधलं. सापडलं नाही. आठवडेच्या आठवडे ज्या गोष्टीला घाबरून त्यानं गाडी कापत आणली होती, ती गोष्ट येऊन गेली होती अन् नंतर त्यानं बुंदी दोनदा मागून घेतली होती.

पायल हात घासता घासता म्हणाली, "मी फोटोत गुडघे वाकवतो. तुमाले मालूम हाय?"

त्याला माहीत नव्हतं. "कधीपासून?"

"लग्नापासून. स्टेजवर फोटोवाला म्हणे, वयनी, जरा खाली. तवापासून सवयच पडली. आता तर शाळेच्या गॅदरिंगच्या फोटोत बी वाकतो. तिथं तुमी नसता, तरी."

संघदीप तांब्या हातात धरून बसून राहिला. हजारो फोटो त्याच्या हातून गेले होते. कोणाचा डोळा मिटलेला, कोणाची कॉलर वाकडी, त्याच्या लगेच लक्षात यायचं. घरातले फोटो त्यानंच मोठे करून, चौकटी लावून भिंतीवर लावले होते. त्या सगळ्यांत दोघांचे खांदे जवळपास एका रेषेत होते, अन् ते कसे, हे त्याला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. आपण या गोष्टीचा बाऊ केला नाही, असं तो नऊ वर्षं समजत होता. बाऊ झालाच नव्हता, कारण तो कोणी तरी गुपचूप स्वतःच्या गुडघ्यांवर घेतला होता.

"दुखत असन," तो म्हणाला.

"लग्नाची पार्टी मोठी असली तं दुखते. रांगच संपत नाई."

"आता नको वाकत जाऊ."

"मंग तुमी बी गाडी नका कापू," पायल म्हणाली. "घाला पाणी. तेल नाई निघून राह्यलं."

श्रावणकडे गाडी परत गेली. पहिले जसे होते तसे सगळे भाग लावायचे, असं संघदीपनं सांगितलं. त्याला वाटलं, श्रावण काही तरी बोलेल. श्रावणनं मान वाकडी केली. "होते ना भाऊ." ज्या सुरात काढलं त्याच सुरात त्यानं सगळं परत बसवलं. दांडे खाली आले, शॉकअपचा मूळ जोड आला, सीटमध्ये फोम भरला, स्टँड अन् मडगार्ड नवीन आणलं. गाडी पुन्हा पाय लांब करून उभी राहिली.

संघदीपनं एकदा बसून पाहिलं. पाय हवेत. तो उतरला अन् किल्ली पायलच्या हातात दिली.

"मले गिअरची नाई येत."

"शिकजो."

ती बसली. दोन्ही पाय सपाट जमिनीवर, गुडघे किंचित वाकलेले, तेही कोणासाठी नाही, गाडीच तशी होती म्हणून. शाळेच्या ग्राउंडवर ती शिकली. बंद पडायची, धक्का बसायचा, पण पडली एकदाही नाही. खांबाला धरून संघदीप पाहत राहायचा. त्याला जरा वाईट वाटायचं, ते खोटं कशाला सांगा. गाडी त्यानं पाहून पाहून घेतली होती. पण ती पायलखाली जशी चालायची तशी त्याच्या हाती कधी चालली नव्हती, हेही त्याला दिसत होतं, अन् दिसलेलं नाकारायची हौस आता फिटली होती.

मग एका रविवारी दोघं खैरधऱ्याला निघाले. पायल पुढं, संघदीप मागं. मारेगावातून जाताना दोन-चार लोक थांबून पाहायला लागले, त्यानं सगळ्यांना हात दाखवला. फाट्यावरच्या टपरीवाल्यानं सवयीनं स्कूटीची जागा मोकळी करून ठेवली होती, तिथं ती थांबली नाही. वाट आली, नाला आला. गाडी खडकावर चढली, पलीकडे उतरली, पायलनं नुसतं हँडल सैल सोडलं अन् परत धरलं.

अडचण एकच होती, अन् ती संघदीपनं हिशेबात धरलीच नव्हती. मागच्या सीटवर बसल्यावर त्याला पुढचं काहीच दिसत नव्हतं. समोर पायलची पाठ, तिच्यावर वेणी, वेणीवर हेल्मेट. डावीकडून डोकवावं तर गाडी डावीकडे जायची अन् पायल ओरडायची. शेवटी तो विचारायला लागला.

"आता काय हाय समोर?"

"रस्ता."

"अन् आता?"

"म्हशी. जाऊन राह्यल्या. गेल्या."

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवले अन् डोकवायचं सोडून दिलं. तेवढ्यात गाडी जोरात आपटली, संघदीप सीटवरून हातभर वर उडाला अन् परत खाली आला.

"खड्डा होता," पायलनं सांगितलं.